जिन्यातलं ऑर्किड

४०२: तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मधल्या जिन्यातल्या माझ्या ऑर्किडची कुंडी कोणी बदलली? दहा दिवस घरी नव्हते. येऊन बघते तर फॅलेनॉप्सिस गळ्यापर्यंत मातीत!

१०४: जिन्यात कुंड्या ठेवू नयेत.

३०१ काका: मीच. मुळं बाहेर लोंबत होती, बघवेना. लाल माती, शेणखत घातलंय व्यवस्थित.

४०२: काका, ती मुळं बाहेरच असतात! झाडाच्या खोडावर वाढणारी जात आहे, मातीत मुळं घुसमटतात. आत्ताच उपसलं. नऊपैकी सहा मुळं तपकिरी. दाबलं की साल निघून हातात येते, आत नुसता दोरा.

३०१ काका: चांगलं करायला गेलो. यापुढे कुणाच्या झाडाला हात लावणार नाही. 🙏

२०३: काका, माझ्या झाडांना लावा. ती तशीही गेलेलीच आहेत 😂

१०४: जिन्यात कुंड्या ठेवू नयेत.

५०१: आणि सायकली?

सेक्रेटरी: सायकलचा विषय मीटिंगमध्ये घेऊ.

५०१: गेल्या मीटिंगलाही हेच ठरलं होतं.

६०३ काकू: अगं, तीन मुळं धड आहेत ना, मग जगेल. कुजकी कापून टाक. कात्री आधी आचेवर धर, नाहीतर एका झाडाचा रोग दुसऱ्याला. कापल्या जागी चिमूटभर दालचिनीची पूड, पण धड मुळांना लागू देऊ नकोस, वाळतात. मग कुंडीत झाडाच्या सालीचे तुकडे नि कोळसा. दोन-चार दिवस पाणी नको.

४०२: थँक्यू काकू. फुलाच्या दांड्यावर पिल्लू-रोप आलंय हो, ते आत्ताच तोडू का? मुळं जेमतेम बोटाच्या पेराएवढी आहेत.

६०३ काकू: अजिबात नको. दोन-अडीच इंच होऊ देत, दोन-तीन पानं फुटू देत. तोवर आईच्या अंगावरच राहू दे. पुढे पाण्याचं मुळंच सांगतात. हिरवी असली तर थांब, चंदेरी झाली की घाल.

३०१ काका: म्हणजे आमची दोन ऑर्किडं गेली ती मातीमुळेच! मी हिला म्हणालो होतो, तू पाणी घालत नाहीस.

३०१ काकू: आठवतंय मला.

२०३: काका, आज जेवायला आमच्याकडे या 😂

१०४: जिन्यात कुंड्या ठेवू नयेत.

४०२: कुंडी घरात नेलीय. आता जिन्यात फक्त तुमची सायकल आहे.

१०४: ती चालू स्थितीत आहे.