हर्मिट क्रॅबला किडे खायला घालताना : कोकणातले अनुभव

हा चर्चेचा धागा जमिनीवर राहणाऱ्या, म्हणजे सीनोबिटा प्रजातीच्या हर्मिट क्रॅबपुरताच (रिकाम्या शंखात राहणाऱ्या खेकड्यापुरताच) आहे. ओहोटीला खडपात दिसणारे शंखातले खेकडे पाण्यातले. ते काचपेटीतल्या कोरड्या वाळूत मरतात, त्यांना उचलून आणू नका. फळं, ओलं खोबरं, पालापाचोळा सगळेच घालतात. प्रथिनांसाठी किडे कुठले देता, कसे सुकवता, पावसाळ्यात टिकवता कसे, ते लिहा. मापं द्या. ‘थोडंसं’ म्हणजे किती ते कुणालाच कळत नाही.

रत्नागिरी
मीलवर्म (एका भुंगेऱ्याच्या पिवळसर अळ्या) घरी वाढवणं सोपं आहे, आपल्याकडच्या दमट हवेत ते नीट ठेवणं कठीण. पसरट डबा, तळाला ४ सेंमी गव्हाचा कोंडा. कोंडा आधी कढईत चटका बसेपर्यंत गरम करून पूर्ण गार करायचा, म्हणजे त्यातली अंडी-बिंडी मरतात. पाण्याची गरज गाजराच्या चकतीवर भागते. उन्हाळ्यात रोज दोन, पावसाळ्यात दिवसाआड एक, आणि जुनी न विसरता काढायची. अंड्यापासून २ ते २.५ सेंमीची अळी व्हायला अडीच-तीन महिने जातात, तेव्हा महिन्याच्या अंतराने दोन डबे लावा.

जूननंतर डब्याच्या कडेला करडी-तांबूस धूळ दिसू लागते. भिंग धरा, धूळ चालताना दिसेल. ते माइट, म्हणजे कोळ्यांच्या जातकुळीतले अगदी बारीक जीव. कोंडा ओलावला की येतात. अळ्या चाळून घ्यायच्या, कोंडा फेकायचा, डबा उकळत्या पाण्याने धुऊन खडखडीत वाळवायचा आणि आठवडाभर गाजर तासाभराहून जास्त ठेवायचं नाही. झाकणाऐवजी बारीक जाळी लावा. डबा ज्या स्टुलावर असेल त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर मुंग्या एका रात्रीत डबा साफ करतात.

जुन्या पिठात होणारे बारीक तांबडे किडे मात्र घालू नका. त्यांच्या अंगातून उग्र, त्रासदायक स्राव निघतो.

देवगड
सुकवण्याबद्दल. अळ्या किंवा रातकिडे आधी फ्रीजरमध्ये ४८ तास. मग उकळत्या पाण्यात ३ मिनिटं, निथळून फडक्यावर. ओव्हन ९० ते १०० अंशांवर दीड-दोन तास, मधे दोनदा हलवून. दोन बोटांत धरून मोडा : कट्‌ आवाज आला तर झालं, वाकली तर आत ओल आहे आणि आठवड्यात पांढरी बुरशी धरणार. मे महिन्यात जाळीखाली उन्हात दोन-तीन दिवसांत होतं, पण माशांवर लक्ष ठेवावं लागतं.

पूड पंधरा दिवसांपुरतीच करा. मीलवर्ममध्ये चरबी भरपूर, पूड केली की ती लवकर खवट होते. बाकी अख्खे, घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रीजरमध्ये. बरणी बाहेर काढल्यावर खोलीइतकी गार-गरम होईपर्यंत उघडायची नाही. नाहीतर आतल्या किड्यांवरच दव धरतं. ही चूक सर्रास होते.

मालवण
बाहेरचे नाकतोडे पकडून देणाऱ्यांसाठी. आंब्याला मोहोर आला की तुडतुड्यांसाठी फवारण्या सुरू होतात, त्या फळ धरेपर्यंत चालतात. त्या काळात बागेच्या आसपासचा एकही किडा नको. खेकडा हाही किड्यांसारखा संधिपादच, म्हणजे सांधेवाल्या पायांचा प्राणी; जे औषध तुडतुडा मारतं तेच क्रॅबच्या मज्जासंस्थेवर चालतं, आणि त्याचं अंग किड्याहून फार मोठं नसतं. मरून पडलेला किडा तर कधीच उचलू नका, तो कशाने मेला ते दिसत नाही.

रुईवरचा निळा-पिवळा नाकतोडा विषारी, रुईचं विष त्याच्या अंगात असतं. पिवळे ठिपके असलेला, धरला की फेस काढणारा मोठा नाकतोडाही नको. काजवे नकोत. केसाळ सुरवंट नकोत. साधा हिरवा नाकतोडा, फवारणी नसलेल्या परसातल्या गवतातला, चालतो. त्याला दोन दिवस शेवग्याचा पाला खाऊ घाला, मग फ्रीजर.

अलिबाग
काचपेटीच्या खोलीत डास मारायची लिक्विड, कॉइल, मुंग्यांचा खडू यांतलं काही नको. किडे कितीही शुद्ध आणलेत तरी त्याने पाणी फिरतं.

वेंगुर्ले
किड्यांवाचून अडतं असं नाही हो. सुका जवळा आपल्याकडे वाण्याकडे मिळतो, त्यातही प्रथिनं आणि कायटिन (किड्या-खेकड्यांच्या कवचातलं द्रव्य) दोन्ही आहे. फक्त बिनमिठाचा घ्या, दोन-तीन पाण्यांतून वाळू काढा, पुन्हा वाळवा. आम्ही आठवड्यातून तीनदा प्रथिनं देतो : दोनदा किडे, एकदा जवळा. लिंबाएवढ्या शंखातल्या एका क्रॅबला एका वेळी दोन सुक्या अळ्या किंवा पाव चमचा पूड पुरते. उरलं तर पुढच्या वेळी कमी.

गुहागर
पाव चमचासुद्धा जास्त होतो दादा, पूड असेल तर दोन चिमटी बस्स. आणि कॅल्शियम कुणीच लिहिलं नाही! मीलवर्ममध्ये फॉस्फरस जास्त, कॅल्शियम अगदी कमी. किनाऱ्यावर समुद्रफेस मिळतो, म्हणजे माकुलाच्या पाठीतलं ते पांढरं हलकं हाड. दोन दिवस पाण्यात, पाणी बदलत, उकळा, वाळवा, पेटीत तुकडा कायम ठेवा. अंड्याचं कवच उकळून, वाळवून, कुटून पुडीत निम्म्याला निम्मं मिसळलं तरी चालतं. काळ्या सोल्जर माशीच्या सुक्या अळ्या मिळाल्या तर मीलवर्मपेक्षा त्या घ्या, त्यांत कॅल्शियम मुळातच बरंच असतं.

दापोली
कात टाकण्याआधी क्रॅब अधाशासारखा खातो, मग वाळूत शिरतो. आत टाकलेलं कवच तो स्वतःच खातो, म्हणून उकरून ‘मदत’ करायची नाही आणि तिथे किडेही पुरायचे नाहीत. वास येऊन बाकीचे उकरत जातात. वर असलेल्यांना त्या दिवसांत प्रथिनं कमी पडू देऊ नका. उपाशी क्रॅब कात टाकणाऱ्या मऊ क्रॅबला खाऊन टाकू शकतो.

बशी दिवेलागणीनंतर ठेवा, सकाळी उचला. पेटीत ८० टक्के दमटपणा असतो, त्यात सुका किडाही दिवसभरात बुळबुळीत होतो. खाताना बघा : डावी मोठी नांगी अळीवर दाबलेली, उजव्या लहान नांगीने कण कण तोडून तोंडाशी. म्हणूनच अख्खी जाड अळी सोडून देतात. दोन-तीन तुकडे केले की संपते.

धागाकर्ता
एकजण विचारतात, पावसाळ्यात दिव्याभोवती पंख टाकणारी वाळवी द्यावी का?

मालवण
घरात वाळवीचं औषध मारलेलं नसेल तर द्या. पंख काढायचे, फ्रीजर, उकळी, सगळं तसंच. शेजाऱ्यांच्या दिव्याखालची मात्र आणू नका. त्यांनी काय मारलंय ते तुम्हांला कुठे ठाऊक.