वनस्पतिजन्य पॉलिसॅकराइडच्या कॅप्सूल घ्याव्यात का? सल्ला हवा

निशिगंध:
अँटिबायोटिकचा मोठा कोर्स संपल्यापासून वडिलांचे पोट वारंवार बिघडते. वनस्पतिजन्य पॉलिसॅकराइडमुळे (वनस्पतींतील, साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्यांमुळे) प्रतिकारशक्ती वाढते आणि आतड्यातील उपकारक जिवाणू पोसले जातात, असे सांगून त्यांना काही कॅप्सूल सुचवण्यात आल्या आहेत. या दाव्यांत कितपत तथ्य आहे आणि घ्यायचेच झाल्यास काय निवडावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सृष्टीवेध:
जुलाब, ताप किंवा शौचावाटे रक्त असे काही असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. अँटिबायोटिकनंतर क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो आणि त्यावर तंतुमय पदार्थ हा उपाय नव्हे.

जिवाणू पोसले जातात, हे खरे आहे. इन्युलिन, पेक्टिन, बीटा-ग्लुकान या तंतुमय पॉलिसॅकराइडांचे रेणू तोडणारी विकरे आपल्या शरीरात नसल्यामुळे ते न पचता मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तेथील जिवाणू ते आंबवून ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही छोटी मेदाम्ले तयार करतात. यांपैकी ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचे मुख्य इंधन असून, दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशी (प्रतिकारयंत्रणेतील एक प्रकारच्या पेशी) घडण्यास त्याची मदत होते, असे उंदरांवरील प्रयोगांत आढळले आहे. म्हणजे हा परिणाम प्रतिकारशक्ती भडकवण्याचा नसून तिला आवर घालण्याचा आहे.

प्रतिकारशक्ती वाढण्याच्या दाव्यावर मात्र माझा विश्वास नाही. त्यामागचे बरेच प्रयोग वनस्पतींचा अर्क प्रयोगशाळेत थेट पेशींवर टाकून केलेले असतात, आणि गिळलेला एवढा मोठा रेणू त्याच रूपात रक्तात सहसा पोहोचत नाही. शिवाय अर्कात जिवाणूंच्या एंडोटॉक्सिनचा (त्यांच्या बाह्य आवरणातील विषारी घटकाचा) अंश राहिला, तरी पेशी तशाच उत्तेजित होतात.

निवडायचेच असेल तर चिकोरीच्या मुळातील इन्युलिन घ्या, कारण त्याने बिफिडोबॅक्टेरिया हे आतड्यातील उपकारक जिवाणू वाढतात हे माणसांवरील चाचण्यांतून दिसले आहे. युरोपात मलविसर्जन सुरळीत राहण्याचा दावा रोज 12 ग्रॅम प्रमाणासाठी मान्य आहे. तरीही 2-3 ग्रॅमपासूनच सुरुवात करून प्रमाण हळूहळू वाढवावे, अन्यथा वायू आणि पोटफुगीने माणूस हैराण होतो. तेवढेही सोसत नसेल, तर अंशतः विघटित गवार गोंद सहसा अधिक मानवतो. ज्या वेष्टनावर नुसते ‘पॉलिसॅकराइड’ लिहिलेले असते, स्रोत आणि प्रमाण मात्र दिलेले नसते, ते घेऊ नका.

अनुबंध:
वरील सल्ल्याशी सहमत आहे. इसबगोल फारसे आंबत नाही, त्यामुळे ते मलाला बांधणी देते, पण जिवाणूंना त्यातून खाद्य थोडेच मिळते. वडील नियमित औषधे घेत असतील, तर इसबगोलासारखे बुळबुळीत होणारे तंतू त्या गोळ्यांपासून दोनेक तासांच्या अंतराने द्यावेत, कारण त्यांच्यामुळे औषधांचे शोषण मंदावू शकते.