मंत्र्याने खरंच सुधारणा केली की नुसता गाजावाजा, ओळखायचं कसं? (रेल्वेवरून घरात भांडण)

कुडाळकर_ठाण्यात
गणपतीत गावी गेलो होतो, आरती झाल्यावर पडवीत काका आणि मामेभाऊ यांची जुंपली. काका म्हणे सुरेश प्रभूंसारखा रेल्वेमंत्री झाला नाही आणि होणार नाही. भाऊ म्हणे कसला काय, ट्विटरवर कुणी बाळासाठी दूध मागितलं की पुढच्या स्टेशनला हजर, याला सुधारणा म्हणतात का, शेवटी खतौलीला उत्कल एक्सप्रेस घसरली आणि खातं गेलंच ना. दोघांचंही अर्धं अर्धं पटतं. पण मला पक्षाचं भांडण नकोय, प्लीज. एखादा मंत्री खरंच काही बदलतोय की फक्त फोटो काढतोय हे आपल्यासारख्याने कशावरून ठरवायचं? बातम्यांत तर सगळेच ‘क्रांतिकारी’.

जुना_हिशेबनीस
रेल्वेच्या अकाउंट्समधून रिटायर झालोय त्यामुळे माझं मोजमाप तसंच असणार, आधीच सांगतो. आमच्याकडे ऑपरेटिंग रेशो बघायचे, म्हणजे १०० रुपये कमवायला खर्च किती. २०१७-१८ चा अधिकृत आकडा ९८.४४, कॅगने (सरकारी हिशेब तपासणारी संस्था) खोलात जाऊन पाहिलं तर एनटीपीसी आणि इरकॉन या सरकारी कंपन्यांकडून पैसे आधीच उचललेले, ते वजा केले तर १०२.६६. म्हणजे १०० कमवायला १०२! आणि त्या वर्षात सप्टेंबरपर्यंत प्रभू, पुढे पीयूष गोयल, आता हे कुणाच्या नावावर टाकायचं सांगा. लालूंच्या काळातल्या नफ्याचं तर मोठंच कौतुक झालं, बाहेरचे लोक अभ्यासाला यायचे, मग ममतांनी २००९ मध्ये श्वेतपत्रिका काढून त्याच हिशेबावर प्रश्न उभे केले. तेव्हा आकडा बघा, पण तो कसा काढलाय तेही बघा.

माझी स्वतःची कसोटी वेगळी आहे. मंत्र्याने स्वतःच्या हातातलं काय सोडलं? प्रभू आल्यावर टेंडरचे अधिकार खाली जनरल मॅनेजरांकडे दिले, मेट्रोवाले श्रीधरन यांची कमिटीच नेमली होती त्यासाठी. टेंडरची फाइल मंत्र्याच्या टेबलावर जायची म्हणजे काय असतं ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. आणि २०१५ च्या बजेटात एकही नवी गाडी जाहीर केली नाही. आमच्या ऑफिसात लोक हसले होते, म्हणे हे कसलं रेल्वे बजेट. मला तर तेच सगळ्यात धाडसाचं वाटलं. रूळ तेवढेच आणि दरवर्षी प्रत्येक खासदाराच्या गावाला एक गाडी, किती वर्षं चालणार होतं. पुढे १९२४ पासूनचं वेगळं रेल्वे बजेटच २०१७ मध्ये बंद झालं.

साइड_लोअरवाली
हिशेबनीस काका, तुमचे आकडे बरोबर असतील पण मला विचाराल तर सुधारणा पाठीला कळते 😄 लालूंच्या वेळी साइडला मधला बर्थ घातला होता आठवतोय का? दोनाच्या जागी तीन. मी कॉलेजला होते, रात्रभर मान वाकडी करून बसून आले, ना बसता येई ना झोपता. कागदावर बर्थ वाढले, उत्पन्न वाढलं. ममतांनी नंतर तो काढायला लावला.

उलट मधु दंडवते, मंत्री जेमतेम दोन वर्षं, १९७७ ते ७९. सेकंड क्लासच्या लाकडी फळीवर दोन इंच फोम घातला. आमची आजी शेवटपर्यंत सांगायची, की त्याआधी मिरजेहून मुंबईला जाताना गोधडी घेऊनच चढायचं. गीतांजली एक्सप्रेस काढली ती पण वर्ग नसलेली, सगळ्यांना एकच डबा. आता कुणालाच फोमचं अप्रूप नाही, आणि तो काढायची हिंमत पुढच्या एकाही मंत्र्याला झाली नाही, हे पण आहेच.

फाटकापलीकडे
पाठीचं ठीक आहे ताई, पण जीव वाचतो का ते आधी बघू. २०१२ मध्ये रेल्वे सुरक्षेवरच्या काकोडकर समितीने सांगितलं होतं की पाच वर्षांत फाटकं बंद करा. आमच्या मराठवाड्यात बिनमाणसाचं फाटक म्हणजे बैलगाडीवाल्याने कान देऊन ऐकायचं आणि देवाचं नाव घेऊन निघायचं. ब्रॉडगेजवरची अशी सगळी फाटकं २०१९ च्या सुरुवातीपर्यंत गेली. याचं श्रेय कुणाला? समिती यूपीएच्या काळातली, काम पूर्ण झालं एनडीएच्या काळात, मधे मंत्री किती बदलले मोजा. म्हणून मला एकाच माणसाला मार्क देणं जमत नाही.

आणि दुसरी बाजू पण बघा. सुरक्षेसाठी २०१७ च्या बजेटात १ लाख कोटींचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष जाहीर केला, हेडलाइन मस्त. पुढे कॅगने तपासलं तर त्यातून पायाला मसाज करायचं मशीन, क्रॉकरी, फर्निचर असलं घेतलेलं सापडलं. घोषणा झाली त्या दिवशी टाळ्या वाजवायच्या नाहीत, पाच वर्षांनी बिलं बघायची. पण तेवढा दम कुणाला आहे.

कुडाळकर_ठाण्यात
सगळ्यांचे आभार _/\_ काकांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. टेंडरवालं ऐकून खूश झाले, मसाजवर पोट धरून हसले, आणि मग म्हणाले ता सगळा खरा रे, पण चतुर्थीचा तिकीट बुकिंग सुरू झाल्या झाल्या वेटिंगला कसा जाता ता विचार तुझ्या त्या हिशेबनिसाक.

जुना_हिशेबनीस
काकांना सांगा, कोकण रेल्वेत रोहा ते वीर दुहेरी झालंय, पुढे जवळजवळ सगळी एकेरी लाइन. ७४१ किलोमीटरचा मार्ग, त्यातले ४७ पण धड दुहेरी नाहीत. गणपती स्पेशल वाढवा म्हटलं तर वाढवतील, मग प्रत्येक स्टेशनला क्रॉसिंगसाठी अर्धा अर्धा तास उभे राहा. पुढचा मंत्री गावात आला की नवी गाडी मागू नका म्हणावं, दुसरा ट्रॅक कधी टाकताय विचारा.