कालव्याकाठचं जुनं घर, नवं करून घेतलेलं: राहताना आलेले अनुभव

काठावरची

घर पाहायला गेलो तेव्हा कालवा तुडुंब वाहत होता आणि तिथेच आमचा निकाल लागला. मागचं दार उघडलं तर वीसेक पावलांवर पाणी, त्यात टेकलेली झाडाची फांदी. विचारायचे प्रश्न वहीत लिहून नेले होते, ते वहीतच राहिले.

आता अकरा महिने झाले. घर साधारण ऐंशी वर्षांचं. दगडी जोतं, वर विटांच्या भिंती, माडीला लाकडी तुळया. आधीच्या मालकांनी विकण्याआधी सगळं नवं करून घेतलेलं: फरशा, गुळगुळीत गिलावा, चकचकीत रंग. पहिल्या सकाळी झोपायच्या खोलीच्या छतावर पाण्याचे कवडसे हलत होते. अर्धा तास नुसती पडून बघत होते. अजूनही बघते, कामं खोळंबली तरी.

तिसऱ्या महिन्यात मागच्या भिंतीला, जमिनीपासून वीतभर वर, रंगाला फुगे आले. फुगा दाबला की आतून पिठासारखी पांढरी भुकटी. शनिवारी झाडून काढते, पुढच्या शनिवारी परत हजर. शिवाय घरातली दोन जुनी दारं अशी आहेत की पाटाला पाणी सुटलं की घट्ट बसतात आणि आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची पाळी, संपलं की सैल होतात. पाणी कधी सुटलं ते आम्हाला हल्ली दारावरून कळतं!

अशा घरात राहिलेल्यांनी लिहा. ओल, डास, लहान मुलं, हद्दीचे घोळ, रात्रीचे आवाज, काहीही चालेल.

कडीपाट

ताई, ती भुकटी म्हणजे लोणा. जमिनीतलं पाणी विटांमधल्या बारीक वाटांनी वर चढतं, वातीतून तेल चढावं तसं. पाणी हवेत उडून जातं, त्यातले क्षार मागे राहतात आणि रंगाला आतून ढकलतात. त्यामुळे भुकटी झाडून काही होत नाही, पाणी येतंच आहे.

मी यात स्वतः हात पोळून घेतले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आमच्या घरालाही अशीच ओल. मी हुशारी करून मागच्या भिंतीला आतून जलरोधक लेप मारला, वर सिमेंटचा गिलावा, वर प्लास्टिक रंग. वर्षभर भिंत आरशासारखी. दुसऱ्या वर्षी ओल खिडकीच्या वर दिसली. खालून बाहेर पडायची वाट बंद केल्यावर पाणी वर चढत गेलं, एवढंच. खरा धक्का पुढे होता. माडीची तुळई भिंतीत जिथे शिरते तिथे सुताराने स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. जोर लावावा लागला नाही. बाहेरून तुळई ठणठणीत, वॉर्निश चमकतंय.

तेव्हा एक म्हातारे गवंडी भेटले. त्यांनी गिलाव्यावर बोटाच्या पेराने ठोकलं, पोकळ आवाज ऐकला आणि म्हणाले, "भिंतीला रेनकोट घातलाय तुम्ही. घाम कुठे जाणार?" पोर्टलंड सिमेंटचं पेटंट जोसेफ ॲस्पडिनने घेतलं १८२४ साली, पण घराघरांत ते पोचायला पुढे खूप काळ गेला. तोवरची बहुतेक जुनी बांधकामं चुन्याची किंवा मातीची. चुना ओल शोषतो आणि परत सोडतो. सिमेंट ती तितक्या सहज सोडत नाही, शिवाय जुन्या मऊ विटेपेक्षा कडक असतं, त्यामुळे सुटताना विटेचा पापुद्रा घेऊनच सुटतं.

मग कंबरेच्या उंचीपर्यंत सगळा गिलावा खरवडला आणि भिंती उघड्या ठेवल्या. किती दिवस? एक अख्खा उन्हाळा. पाहुणे यायचे आणि "काम अर्धवट का सोडलंय?" विचारायचे. नंतर कळीचा चुना भिजवला. पाणी घातल्यावर तो खदखदा उकळतो, डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय जवळ जाऊ नका. माझ्या मनगटावर एक थेंब उडाला होता, डाग अजून आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू परत दगड होतो, महिन्याला जेमतेम मिलिमीटरभर. त्यामुळे पातळ थर, दोन थरांमध्ये धीर, आणि रंगसुद्धा चुन्याचाच. ओल पूर्ण गेली का? नाही. पण आता ती येते आणि जाते, साठत नाही.

सरळरेषा

चुन्याचं कौतुक ऐकून कंटाळा आलाय, माफ करा. आमच्याकडेही दोन गवंड्यांनी हेच सांगितलं. शेवटी निघालं काय? मागच्या अंगणात नूतनीकरणाच्या वेळी फरशी घातली होती, ती जोत्याच्या वर चार बोटं चढवलेली. पागोळ्यांचं सगळं पाणी भिंतीच्या बुडाशी. फरशी उखडली, जमीन जोत्याच्या खाली आणली, उतार कालव्याकडे दिला, छताच्या पन्हळीची गळकी नळी बदलली. दोन दिवसांचं काम. ओल निम्म्याहून कमी. कालवा बिचारा फुकट बदनाम होता.

आधी घराला बाहेरून एक प्रदक्षिणा घाला, तीही भर पावसात. मग चुना.

कडीपाट

सरळरेषा, मान्य आहे. माझ्या लिहिण्यात क्रम चुकला. आधी पावसाचं पाणी, मग जमिनीचं, मग गिलावा.

काठावरची

पण पाणी नक्की भिंतीतून येतंय की घरातल्या दमट हवेचं, हे कसं ओळखायचं? आमच्याकडे कपडे आतच वाळत घालतो.

ओलेती माडी

प्लास्टिकचा हातभर चौकोन घ्या, चारी बाजूंनी भिंतीला चिकटपट्टीने घट्ट बंद करा, दोन दिवस हात लावू नका. थेंब खोलीच्या बाजूने आले तर हवेतली वाफ. प्लास्टिकच्या खाली, भिंतीच्या बाजूने आले तर भिंतीतली ओल. आम्हाला दोन्ही बाजूंनी मिळाले होते, हसू की रडू कळेना. माडीवर पलंग भिंतीला चिकटून होता, मागे हवाच नव्हती. पलंग वीतभर ओढला आणि त्या भिंतीची बुरशी थांबली. एवढंच.

गप्पीवाला

डासांबद्दल. वाहत्या कालव्यात डास फारसे होत नाहीत, अंडी सहसा टिकत नाहीत. आम्ही पहिलं वर्ष खूश होतो. मग आवर्तन संपलं, पाणी उतरलं आणि तळाच्या खड्ड्यांत डबकी राहिली. आठ-दहा दिवसांत असा थवा उठला की संध्याकाळी तोंड उघडायची सोय नव्हती. मी मोठ्या उत्साहाने डबक्यांत गप्पी मासे सोडले. मासे अळ्या फस्त करत होते, काम छान चाललं होतं, तेवढ्यात पुढचं पाणी सुटलं आणि माझी सगळी फौज खालच्या गावाला गेली. तिथल्या लोकांनी माझे आभार मानायला हरकत नाही.

आता पाणी उतरलं की फावडं घेऊन जातो आणि डबक्यांना एकमेकांत चर काढून देतो. जमेल तेवढी वाहून जातात, उरतात त्यांत मासे. खिडक्यांना जाळ्या आहेतच. नूतनीकरणात जुन्या झडपांच्या खिडक्या काढून सरकत्या काचा बसवल्या होत्या, त्यांच्या फटीतून डास आरामात येतात.

दोरीवाली आई

कवडशांबद्दल सगळे लिहितील, मी दुसरं लिहिते. काँक्रीटचं अस्तर केलेला कालवा दिसतो सौम्य, पण त्याच्या बाजू उताराच्या, गुळगुळीत आणि शेवाळलेल्या असतात. पोहता येणारा मोठा माणूसही पडला तर चढायला त्याला धरायला काही सापडत नाही. वर पाणी संथ वाटतं आणि आत ओढ असते. हे मला घर घेताना कोणी सांगितलं नाही. आमचा कुत्रा पडला तेव्हा कळलं. काठाला समांतर पोहत होता, पंजे काँक्रीटवर घसरत होते, नखांचा आवाज येत होता. नवरा काठाने पळत पुढच्या पायऱ्यांपर्यंत गेला आणि तिथे त्याला धरला. साधारण दोनशे पावलं. त्या दोनशे पावलांत मी काय काय पाहिलं ते लिहीत नाही.

दुसऱ्याच दिवशी मागच्या बाजूला जाळीचं कुंपण, फाटकाला मोठ्यांच्या उंचीवर कडी. झाडाला गाठी मारलेला जाड दोर आणि हवा भरलेली ट्यूब कायम बांधलेली असते. मुलांचा नियम एकच: चेंडू पाण्यात गेला तर तो गेला. पाण्यातल्या माणसामागे उडी मारायची नाही, दोर फेकायचा आणि ओरडायचं, हे पाहुण्यांच्या मुलांनाही आल्या आल्या सांगते. काहींना मी खडूस वाटते. वाटू दे.

काठावरची

हे वाचून आत्ता मागे जाऊन आले. आमच्या फाटकाची कडी खालून दुसऱ्या वितीवर आहे. उद्या बदलते.

हद्दनिशाणी

आमच्या घराचं सगळ्यात सुंदर काय होतं, तर पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पाच दगडी पायऱ्या आणि बाजूचा ओटा. घर विकणाऱ्याने खास दाखवलेला. राहायला गेल्यावर चार महिन्यांनी नोटीस. कालव्याच्या दोन्ही बाजूंची पट्टी ही कालव्याचीच असते, भराव सांभाळायला आणि गाळ काढायच्या यंत्रांना जायला ठेवलेली. आमचा ओटा सगळाच्या सगळा त्या पट्टीत. खरेदीच्या कागदात क्षेत्रफळ बरोबर होतं, आम्हीच मोजून घेतलं नव्हतं. ओटा आम्हीच पाडला. मजुराने पहिली पहार मारली तेव्हा मी आत निघून गेलो.

घ्यायच्या आधी मोजणी करून हद्दीचे दगड डोळ्यांनी बघा. नूतनीकरणात वाढवलेला भाग, म्हणजे ओटा, पडवी, मागची मोरी, याचा वेगळा कागद मागा. भरावात पाया खणू नका, झाडंही विचारून लावा. मुळं आणि उंदरांची बिळं यांतून पाझर सुरू होतो.

काळी माती

आमचं घर काळ्या जमिनीवर. पाणी असताना जमीन फुगते, कालवा महिनोन्‌महिने कोरडा राहिला की आक्रसते, आणि घर बिचारं मध्ये. दारावरच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली होती. नूतनीकरणात ती लांबी (पुट्टी) भरून रंगवलेली, म्हणून दिसली नव्हती. घाबरून लगेच भरू नका. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा, रुंदी मोजा, महिन्याला एकदा बघा. आमची भेग पाण्याबरोबर मिटते आणि उघडते, दोन वर्षांत पुढे सरकलेली नाही. पुढे सरकत असती तर मात्र अभियंता बोलवायचा, गवंडी नाही. आमच्या दाराच्या चौकटीवर एका बाजूला मुलांची उंची वाढल्याच्या खुणा आहेत, दुसऱ्या बाजूला भेगेच्या.

परदेशी पाहुणा

विषय थोडा दूर नेतो. कामानिमित्त दोन वर्षं ॲमस्टरडॅममध्ये कालव्यावरच्या जुन्या घरात भाड्याने राहिलो. तिथला सतराव्या शतकातला कालव्यांचा पट्टा २०१० पासून जागतिक वारसा यादीत आहे. जमीन इतकी मऊ की घरं लाकडी खांबांवर उभी. डाम चौकातल्या राजवाड्याखाली १३,६५९ खांब आहेत. मला वाटायचं पाण्यात लाकूड कुजत असेल. घरमालकाने उलटं सांगितलं: पूर्ण बुडालेलं असेतोवर ते टिकतं, कारण कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते. पाण्याची पातळी उतरली आणि खांबांची डोकी उघडी पडली की धोका.

जिना शिडीसारखा, सामान वर न्यायला दर्शनी भिंतीच्या टोकाला आकडा. माझं कपाट खिडकीतून आत आलं. आणि रंगाची गोटी जमिनीवर ठेवली तर ती आपोआप कालव्याच्या बाजूच्या कोपऱ्यात जायची. मुलीचा आवडता खेळ.

विहीरकर

आमच्या मागचा कालवा पूर्वी कच्चा होता. पाझर एवढा की परसातल्या विहिरीचं पाणी हाताने घ्यावं इतकं वर, आणि भिंती कायम ओल्या. मग कालव्याला अस्तर झालं. दोन वर्षांत भिंती कोरड्या पडल्या, आम्ही आनंदात. तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. ज्या पाण्याला शिव्या देत होतो तेच विहिरीत येत होतं.

आवाजाचं विचारलंत म्हणून. कालव्याला स्वतःचा आवाज फारसा नसतो, पण वरच्या अंगाला पाणी पायरीवरून पडतं त्याची घरघर रात्रभर असते. आम्हाला आता ती ऐकूच येत नाही. पाणी बंद झालं की मात्र वडील रात्री दोनला उठून बसतात. "काय झालं?" विचारलं की म्हणतात, "काही नाही, बंद झालं." मग घरातले सगळेच जागे.

काठावरची

इतकं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. फाटकाची कडी वर बसवली. जोत्याला लागून मागे फरशी आहेच, सरळरेषा म्हणतात तशी, आमची तीन बोटं वर. प्लास्टिक दोन दिवसांपूर्वी चिकटवलं होतं, आज सकाळी काढलं. खोलीच्या बाजूने कोरडं, भिंतीच्या बाजूने थेंबच थेंब, आणि मधोमध एक मुंगी अडकलेली. तिला सोडून दिली.

कडीपाट, तुमच्याकडे भिंती अख्खा उन्हाळा उघड्या होत्या, तेव्हा तुम्ही त्याच खोलीत झोपत होतात का? धुळीचं काय केलंत?

कडीपाट

माडीवर झोपायचो. दाराला ओली चादर टांगायची. आणि ताई, तुळईची टोकं बघितलीत का?

काठावरची

अजून नाही. स्क्रूड्रायव्हर टेबलावर काढून ठेवलाय.