वसतिगृहाच्या आंघोळीच्या पाण्याला सीओटू हीट पंप : पैसा वसूल की नुसता थाट?

लातूरकर : आमच्या वसतिगृहाला पहाटे हजार लिटर गरम पाणी लागतं. हिवाळ्यात २० अंशांचं पाणी ६० वर न्यायला गिझर ४७ युनिट खातो. हीट पंप हवेतली उष्णता उचलून पाण्यात टाकतो. एका युनिटाला साडेतीन युनिट उष्णता धरली तरी १३-१४ युनिटांत भागतं. घ्यायचाच तर आत कार्बन डायऑक्साइड (सीओटू) वायू फिरवणारा घ्यावा. जपानात २००१ पासून घरांसाठी विकतात, ९० अंशांपर्यंत पाणी देतो. वायू गळाला तरी पृथ्वीच्या तापमानवाढीचा आकडा १, नेहमीच्या आर-१३४ए या शीतक वायूचा १४३०!

बंबवाला : भाऊ, सोलर लावा आन् गप बसा. मे महिन्यात तर टाकीचा नळ सोडला तरी हात पोळतो. आणि १०० बार, म्हणजे हवेच्या शंभरपट दाबाचं यंत्र बिघडलं तर मेकॅनिक कुठून आणता? फ्रिजवाल्याचं गेज तिथं टिकायचं नाही.

लातूरकर : सोलर आहेच. पहिली वीस पोरं संपवतात. ढग आले की बाकीचे माझ्या दारात.

परभणीचा गारवा : (धंदा कोल्ड स्टोरेजचा, म्हणून बोलतो.) दोघंही मूळ मुद्दा सोडून भांडायलेत. हा वायू ३१ अंशांच्या वर कितीही दाबा, द्रव होत नाही. ९०-१२० बारवर तो हळूहळू थंड होत जातो आणि जाता जाता पाणी तापवतो. म्हणून आत येणारं पाणी गार पाहिजे. २० अंशांचं आलं तर यंत्र खूश. ४५ चं आलं तर वायू गरमच बाहेर पडतो आणि कार्यक्षमता धाडकन कोसळते. थंड देशांत इमारत तापवताना हीच अडचण येते, रेडिएटरमधून पाणी कोमटच परत येतं. आपल्याकडं खोल्या कोण तापवतंय म्हणा! पण नळ सोडताच गरम पाणी यावं म्हणून फिरती लाईन टाकली असेल, तर तुमचंही तेच होणार. टाकी उभी घ्या, गार पाणी बुडातून सोडा, वरचं-खालचं मिसळू देऊ नका.

बंबवाला : मग ६० अंशांसाठी साधाच हीट पंप का नको? आपलं बोअरचं पाणी ९० वर नेलं तर क्षार किती बसतील, गिझरची कॉइल काढून बघा.

परभणीचा गारवा : क्षाराचं खरं आहे. तुमच्या कामाला साधा चालेल. सीओटूची खरी जागा दूध शीतकरण केंद्रात. एका बाजूनं दूध गार, दुसऱ्या बाजूनं कॅन धुवायला कडक पाणी.

लातूरकर : आत्ताच गच्चीवर जाऊन आलो. फिरती लाईन आहे, आणि परतीचा पाइप थेट टाकीच्या बुडात सोडलाय. प्लंबरला फोन लावलाय.