कूतचं धान्य आणि ‘बेभरवशाचे अरब’

कोयनाकाठ:
परवा २९ एप्रिलला कूतच्या शरणागतीवर एक लेख वाचनात आला. कूत म्हणजे इराकातलं टायग्रिसकाठचं गाव. पहिल्या महायुद्धात तुर्कांनी तिथे इंग्रजांच्या हिंदी फौजेला वेढलं, आणि २९ एप्रिल १९१६ ला ती शरण गेली. लेखात म्हटलंय, ‘अरब टोळ्या बेभरवशाच्या निघाल्या म्हणून आपले मराठे उपाशी राहिले, इंग्रजांच्या गुप्तवार्ता खात्याने मात्र काम चोख केलं होतं.’ दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

चोख कसलं? ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला. आत सहावी पुणे डिव्हिजन, तिच्यात १०३वी, ११०वी, ११७वी मराठा पलटण, सातारा-रत्नागिरीची पोरं. धान्य थोडेच दिवस पुरेल असं आतल्या फौजेचा सेनापती टाउनशेंडने बाहेर कळवलं. त्या हिशेबावर सोडवायला आलेली फौज अर्धवट तयारीनिशी पुढे ढकलली गेली. शेख साद, वादी, २१ जानेवारीला हन्ना, अशा लढाया झाल्या. चिखलात, उघड्या मैदानावर माणसं कापली गेली. आणि हन्ना झाल्यावर गावातली घरं झडली, तर हिंदी शिपायांना ८४ दिवस पुरेल इतकं धान्य असल्याची तार गेली! ज्या गावात स्वतः बसलात तिथल्या कोठारांचा पत्ता नाही, आणि वाळवंटातल्या शेखांचे घोडेस्वार मोजताय.

माझं म्हणणं एवढंच आहे. टोळी म्हणजे किती बंदुका आणि कल कुणाकडे, एवढंच त्या खात्याने पाहिलं. त्यांचा जव कधी कापायला येतो, मेंढरं कुठे विकतात, नदीवर कुणाचा ताबा असला की त्यांच्या चुली पेटतात, हे पाहिलं असतं तर ‘बेभरवशाचे’ हा शब्द लागलाच नसता. एप्रिल १९१५ ला बसऱ्याजवळ शैबाची लढाई झाली तेव्हा तुर्कांबरोबर दहा हजारांहून जास्त टोळीवाले होते. त्यातले बरेच बघत राहिले, आणि तुर्क मागे हटले तसे त्यांच्यावरच तुटून पडले. तुर्कांचा सेनापती सुलेमान अस्करीने स्वतःला गोळी घातली. मग बेभरवशाचे कुणासाठी?

जुना नकाशा:
कोयनाकाठ, तुमचा राग समजतो, पण माहिती अर्धी आहे. खात्याला काही कळत नव्हतं हे खोटं. लॉरिमरचं आखाताचं गॅझेटियर १९०८ चं, त्यात गावागावातली घरं, होड्या, खजुराची झाडंसुद्धा मोजलेली आहेत. बसऱ्यात इंग्रजांचा राजकीय अधिकारी पर्सी कॉक्स बसलेला होता, त्याचा टोळ्यांशी वर्षानुवर्षांचा संबंध. मार्च १९१६ पासून अरब मुलखाची जाणकार इंग्रज बाई गर्ट्रूड बेल तिथेच टोळ्यांच्या नोंदी करत होती. खोट होती ती सेनापतींमध्ये. बगदादच्या हव्यासापायी टाउनशेंडचा वरिष्ठ सेनापती निक्सनने फौजेला पुढे रेटलं. बगदादजवळच्या टेसिफोनच्या लढाईच्या आदल्या दिवशी मेजर रायलीने विमानातून तुर्कांची वाढलेली फौज पाहिली, पण परतताना तो पाडला गेला आणि बातमी पोहोचलीच नाही. यात खात्याचा काय दोष?

आणि अरबांना इतकं पाठीशी घालू नका. रणात पडलेल्या जखमींचे कपडे ओरबाडले, गळे चिरले, हे दोन्ही बाजूंनी नोंदवलेलं आहे. आमचे पणजोबा ११७व्या पलटणीत होते. रात्री तंबूत अंगाला तेल लावलेला माणूस सरपटत येई आणि उशाची बंदूक घेऊन जाई. म्हणून सगळे बंदुकीचा पट्टा मनगटाला बांधून झोपत. गावी परत आल्यावरही म्हातारा काठीला सुतळी बांधून तिचं दुसरं टोक मनगटाला गुंडाळायचा. माझ्या आजीने ती सुतळी पाहिलेली. तुम्ही चुलीच्या गोष्टी सांगा, त्यांना झोप लागत नव्हती.

पुरवठा खातं:
तीस वर्षं लष्कराच्या रसदीत काढली, म्हणून बोलतो. धान्य मोजणं हे माणसं मोजण्यापेक्षा कठीण काम आहे. माणूस हलतो, दिसतो. धान्य लपतं.

१९७२ च्या दुष्काळाच्या आसपास आमच्याकडे ज्वारीची लेव्ही, म्हणजे सरकारची सक्तीची वसुली होती. तलाठी आणि गोदामाचा माणूस घरोघर फिरून कणग्या बघायचे. आमच्या ओसरीखाली पेव होतं. आज्जीने तोंडावर दगड, दगडावर माती, मातीवर शेणाचा सडा घातला आणि वर जातं ठेवलं. तलाठी त्या जात्याशेजारी बसून पाणी प्यायला आणि लिहून गेला, ‘शिल्लक नाही’. तो आमच्याच गावचा, आमचीच भाषा बोलणारा. कूतमध्ये कितीतरी धान्य घरांत, जमिनीखाली पुरलेलं निघालं, त्यात नवल काय? वेढ्यात पाच-सहा हजार अरब रहिवासी आत होते, पुढे काय वाढून ठेवलंय हे त्यांना दिसत होतं. कुठली आई फौजेला सांगेल की माझी पोती इथे आहेत?

तरी कोयनाकाठचं एक मानतो. पहिल्या आठवड्यात झडती घ्यायला हवी होती. आम्हाला पहिला धडा हाच शिकवतात: कोठार ताब्यात घ्या, मग खंदक खणा.

धोपटमार्ग:
धान्याचं एवढं काय? घोडे होते ना. गोऱ्यांनी खाल्ले, आपल्यांनी धर्म धर्म करत नाकारले आणि हिरड्या सुजून मेले. हट्ट होता, दुसरं काही नाही.

रत्नागिरीची लेक:
हट्ट? शब्द जपून वापरा. माझ्या आजोबांचे वडील ११०व्यात होते. ज्या घरात आषाढी-कार्तिकी चुकत नाही, तिथल्या वीस वर्षांच्या पोराला परक्या मुलखात सांगायचं की घोडा खा, आणि गावी गेल्यावर पंगतीला बसवतील की नाही त्याचं उत्तर तू शोध. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा आल्या हे खरं आहे, पण तार गावातल्या भावकीला थोडीच येते? एप्रिलमध्ये पीठ दिवसाला पाच औंसांवर आलं तेव्हा बऱ्याच जणांनी खाल्लं. आमच्याही घरच्यांनी खाल्लं. त्यांनी मरेपर्यंत ते फक्त बायकोला सांगितलं, आणि तिने तो निरोप माझ्या आईपर्यंत पोहोचवायला पन्नास वर्षं घेतली.

धोपटमार्ग:
ताई, तुमच्या घरच्यांबद्दल बोललो नाही. पण जानेवारीपासून खाल्लं असतं तर अशक्तपणा इतका आला नसता, हे तर मान्य कराल?

रत्नागिरीची लेक:
जानेवारीत त्यांना कुणी विश्वासात घेतलं होतं? सोडवायला फौज आज येते, उद्या येते, हेच रोज ऐकत होते. आज येणार असतील तर आज जात का बाटवायची? चुकीची बातमी फक्त बाहेर गेली नाही, आतही तीच दिली गेली. पथ्याला हट्ट म्हणणं सोपं आहे, भरल्या पोटी.

पुरवठा खातं:
ताईंचा मुद्दा मला बसतो. विमानातून पोती टाकायचा प्रयोगही एप्रिलमध्ये झाला, पण त्या विमानांची ताकद ती काय, काही पोती नदीत तर काही तुर्कांकडे पडली. जुल्नार बोट २४ एप्रिलच्या रात्री २७० टन रसद घेऊन निघाली, तीही अडकली. असं उशिरा आलेलं धान्य शिपायाच्या काय कामाचं?

कोयनाकाठ:
घोड्याचा विषय इतका वाढेल असं वाटलं नव्हतं, पण ताईंनी माझंच म्हणणं माझ्यापेक्षा नीट मांडलं.

जुना नकाशा, जखमींना लुटलं हे मी नाकारत नाही. सुतळीची गोष्ट वाचून थांबलो, खरं सांगतो. पण १९०८ ला मोजलेली खजुराची झाडं १९१५ सालचं पोट सांगत नाहीत. आणि तुमच्या खात्याने पुढे तरी धडा घेतला का? इराकातलंच नजफ शहर बघा. १९१७ च्या अखेरीला अनेझा टोळीचे उंट धान्य न्यायला तिथे आले. त्या टोळ्यांतून माल तुर्कांकडे जातो याचा संशय होता, म्हणून पहारे बसले. पण एवढी खरेदी झाली की शहरात भाव चढणार, लोक पेटणार, याकडे लक्ष नाही. मार्च १९१८ ला तिथला इंग्रज अधिकारी कॅप्टन मार्शल याचा खून झाला, मग शहराचंच अन्नपाणी तोडलं. पोती मोजली, पण ती विकत घेणारी बाई मोजली नाही.

जुना नकाशा:
नजफचं ठीक आहे, तिथे चूक झाली असेल. पण भाव चढले एवढ्यानेच मार्शलला मारलं असं नाही, तिथे बंड करायची तयारी आधीपासून होती. आणि कूतचा दोष खात्याला अजूनही देणार नाही. टाउनशेंडने स्वतःच्या पुरवठा अधिकाऱ्याला पहिल्याच आठवड्यात घरं उघडायला लावली असती तर गॅझेटियरची गरजच पडली नसती. म्हणजे तुमचंच म्हणणं आलं, फक्त दोष ज्याचा त्याच्या माथी.

रत्नागिरीची लेक:
नकाशा, तुमच्या पणजोबांची ती काठी अजून आहे का घरात?

जुना नकाशा:
काठी आहे, माळ्यावर. सुतळी नाही. पण मुठीखाली जिथे गाठ असायची, तिथे लाकूड खोल झिजलंय, बोट बसतं.