रेडिएशनच्या खोलीत फायबर टाकली तर सिग्नल मरतो का?

जुळेसोलापूरकर: मंडळी एक विचारायचं होतं, इथं सोलापुरातच एका हॉस्पिटलात कॅन्सरच्या मशीनच्या खोलीत कॅमेऱ्यासाठी फायबर टाकायचं काम आलंय, आत चाळीसेक मीटर असंल. आमचा जोडीदार म्हणतोय रेडिएशननं काच काळी पडती आन लाईन बंद होती, खरं हाय का? साधी सिंगल मोड (बारीक गाभ्याची नेहमीची फायबर) पडून हाय ती चालंल का?

बीम_ऑन: काळी पडते हे खरं, लाईन बंद होईल हे नाही. एक्स-रे किंवा गॅमा काचेतले इलेक्ट्रॉन उडवतात, ते काचेतल्या दोषांच्या जागी अडकून बसतात, त्यांना कलर सेंटर म्हणतात आणि तीच प्रकाश गिळतात. पण मार जास्त बसतो निळ्या-जांभळ्याला, फायबरमधून सिग्नल नेणाऱ्या 1310 नॅनोमीटरच्या अदृश्य इन्फ्रारेड प्रकाशाला बराच कमी. तिथं साधं लॉस, म्हणजे वाटेत प्रकाशाची होणारी घट, किलोमीटरला 0.35 डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास, आता समजा ते वाढून 10 डीबी झालं तरी तुमच्या 40 मीटरला 0.4 डीबी, तेवढं तर एक घाण कनेक्टर खातो! फायबरच्या आधी कॅमेरा मरंल. फक्त कोअरमध्ये, म्हणजे प्रकाश जातो त्या मधल्या काचेत, फॉस्फरसवाली नको, ती लय लवकर काळवंडते, म्हणून तर सर्नमध्ये (युरोपातली कणभौतिकीची मोठी प्रयोगशाळा) ती रेडिएशनचा डोस मोजायलाच वापरतात.

केबलकाका: मग तिथं डेटाला कुठली टाकतात? आन आमच्या गच्चीवर मोबाईल टॉवर हाय, त्याच्यानं पण होतं का बे हे?

बीम_ऑन: डेटाला कोअर शुद्ध सिलिकाचा किंवा फ्लोरिन घातलेला, ती महाग पडते, तुम्हाला गरज नाही. टॉवरनं काही होत नाही काका, इलेक्ट्रॉन उडवायचा दम त्या लहरींत नाही, तुमचं लॉस वाकलेल्या वायरीत शोधा.

जुळेसोलापूरकर: लॉस वाढत गेलं तर आधी कळंल का, का एकदमच जाईल?

बीम_ऑन: डिजिटल लिंक शेवटपर्यंत झकास चालते, पॉवर रिसीव्हरच्या मर्यादेखाली गेली की मग एरर येतात आन धाडकन जाते, म्हणून आज पॉवर मीटरनं रीडिंग लिहून ठेवा आन अधूनमधून परत बघा. मशीन बंद असताना काच थोडी आपोआप सुधारते पण, सगळं लॉस साठत जात नाही. आन एक महत्त्वाचं, बंकरच्या, म्हणजे त्या मशीनच्या खोलीच्या जाड भिंतीला ड्रिल अजिबात मारू नका, केबलसाठी तिरका पाईप आधीच असतो, हॉस्पिटलच्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला विचारून त्यातनंच न्या.

जुळेसोलापूरकर: बरं झालं सांगितलं, आमचा पोरगा उद्या ड्रिल घेऊनच निघाला होता.